गूगल फोटोजमधून स्वतःच्या सर्व्हरवर: एकही फोटो न हरवता स्थलांतर करण्याचा क्रम

गूगल फोटोजमधला संग्रह स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे घरी सतत चालू राहणाऱ्या संगणकावर, हलवायचा तर तिथे इमिच हे फोटो साठवणारे आणि दाखवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. म्हणूनच बहुतेक जण तिथून सुरुवात करतात आणि पुढे अडकतात. लग्नाचे, सहलीचे, शाळेचे असे सगळे फोटो एकाच तारखेला काढल्यासारखे दिसू लागणे, अल्बम अर्धवट येणे, जुन्या क्लाउडमधून फोटो पुसताना फोनमधल्या मूळ प्रतीही जाणे, किंवा स्थलांतरानंतर काही महिन्यांतच एकुलती एक डिस्क बंद पडणे, या नेहमीच्या तक्रारी आहेत. त्यातली एकही सॉफ्टवेअरच्या दोषामुळे होत नाही. पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे होते. मोठ्या कंपनीच्या अटी, वाढते शुल्क आणि खाते कधीही बंद होण्याची टांगती तलवार यांना कंटाळून घाईने बाहेर पडणाऱ्यांकडून तो क्रम हमखास चुकतो.

पुढे संगणकाला द्यायच्या आज्ञा (कमांड) शब्दशः दिलेल्या नाहीत, कारण त्या आवृत्तीगणिक बदलतात आणि त्या प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजातूनच घ्याव्यात. येथे भर आहे तो कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी करायची आणि का, यावर.

## टप्पा १: खात्यात काय आहे, याची नोंद

निर्यातीला, म्हणजे गूगलकडून सगळे फोटो उतरवून घेण्याला, हात घालण्यापूर्वी एक साधी नमुना यादी कागदावर किंवा वहीत लिहून काढावी. तीत वीसएक फोटो आणि व्हिडिओ असावेत, पण ते मुद्दाम अवघड निवडलेले असावेत: व्हॉट्सॲपवरून आलेला एक फोटो, कारण त्यातली मूळ तारीख बहुधा पुसली गेलेली असते, आजीच्या लग्नाच्या छायाचित्राचा स्कॅन, ज्याची तारीख आपण हाताने बदलून योग्य वर्ष टाकले आहे, गूगल फोटोजमध्येच संपादित केलेला एक फोटो, एक लांबलचक व्हिडिओ, एक हलता फोटो (मोशन किंवा लाइव्ह फोटो), फाइलचे नाव फार लांब असलेला एक, आणि देवनागरी नावाच्या अल्बममधला एक. प्रत्येकापुढे गूगल फोटोजमध्ये दिसणारी तारीख आणि अल्बमचे नाव लिहावे. आयात, म्हणजे ते फोटो इमिचमध्ये चढवणे, नीट झाली की नाही, हे पुढे याच यादीवरून ठरणार आहे. एकूण आकडा जुळला म्हणून समाधान मानणे पुरेसे नाही, कारण आकडा जुळूनही तारखा चुकलेल्या असू शकतात.

याच वेळी बॅकअपचा दर्जा पाहून घ्यावा. 'स्टोरेज सेव्हर' हा पर्याय चालू असेल, तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यावर आणि १०८०पीपेक्षा वरचे व्हिडिओ १०८०पीवर आणले गेलेले असतात. म्हणजे क्लाउडमधली प्रत ही मूळ प्रत नव्हे, आणि फोनमध्ये अजून मूळ फाइल असेल तर ती अधिक मोलाची आहे.

इतरांनी सामायिक केलेल्या अल्बममधले जे फोटो आपल्याला हवे आहेत, ते आधी स्वतःच्या संग्रहात जतन करून घ्यावेत. दुसऱ्याच्या खात्यातला फोटो केवळ आपल्याला दिसतो म्हणून आपल्या निर्यातीत येईल, असे गृहीत धरू नये.

इशारा: संपूर्ण स्थलांतर संपेपर्यंत फोनवर 'जागा मोकळी करा' या सूचनेला स्पर्शही करू नये. ती सूचना फोनमधल्या प्रतीच काढून टाकते.

## टप्पा २: यंत्र आणि डिस्क

इमिचसाठी किमान ६ जीबी रॅम आणि दोन कोअरचा प्रोसेसर लागतो. ८ जीबी आणि चार कोअर असतील तर काम सुसह्य होते. जुना लॅपटॉपही चालतो, आणि त्याची बॅटरी वीज गेल्यावर थोडा वेळ आधारही देते. मात्र सतत चार्जरला लावलेली जुनी बॅटरी फुगते, त्यामुळे ती अधूनमधून डोळ्यांनी तपासावी आणि फुगलेली दिसली तर काढून टाकावी.

जागेचा हिशेब करताना लोक फक्त संग्रहाचा आकार धरतात, आणि आयात अर्ध्यावर असताना डिस्क भरते. समजा, संग्रह ३०० जीबी आहे. निर्यातीच्या झिप फाइली साधारण तेवढीच जागा घेतात, आयात झालेले फोटो पुन्हा ३०० जीबी घेतात, आणि लघुप्रतिमा (थंबनेल) व पाहण्यासाठी इमिचने रूपांतरित केलेले व्हिडिओ यांना संग्रहाच्या सरासरी १० ते २० टक्के, म्हणजे ६० जीबीपर्यंत जागा लागते. एकूण ६६० जीबी झाली. यासाठी १ टीबीची डिस्क घ्यावी, आणि बॅकअपची डिस्क त्याहून वेगळी असावी.

फोटो साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवले तरी चालतात. इमिचचा डेटाबेस, म्हणजे फोटोंविषयीच्या सगळ्या नोंदींचा साठा, मात्र त्याच यंत्रातल्या एसएसडीवर असावा. तो नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये, आणि विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या बाह्य डिस्कवरही नाही, कारण डेटाबेसला लागणारे फाइल-हक्क (कोणती फाइल कोणी वाचावी-लिहावी याचे नियम) तिथे नीट पाळले जात नाहीत. लिनक्सवर एक्स्ट४ ही फाइल प्रणाली निवडली की हा प्रश्न उरत नाही.

डिस्क जोडताना यंत्राने तिला दिलेल्या नावावर विसंबू नये, कारण ते नाव यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकते. ती तिच्या यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, जोडावी. डिस्क जोडली गेली नाही, तर ज्या रिकाम्या फोल्डरवर ती बसायची होती त्या फोल्डरमध्येच, म्हणजे सिस्टमच्या छोट्या डिस्कवर, नवे फोटो लिहिले जाण्याचा धोका असतो. मग एके दिवशी अर्धे फोटो इथे आणि अर्धे तिथे असल्याचे ध्यानात येते.

तपासणी: यंत्र दोनदा बंद-चालू करावे. दोन्ही वेळा डिस्क आपोआप योग्य जागी जोडली गेली, तरच पुढे जावे.

## टप्पा ३: गूगल टेकआउटमधून निर्यात

टेकआउट ही खात्यातला आपला डेटा उतरवून देणारी गूगलची सेवा आहे. तिच्या पानावर आधी सर्व सेवांची निवड रद्द करावी आणि मग फक्त गूगल फोटोज निवडावे. त्याच्या आत मात्र एकही अल्बम किंवा वर्षाचा फोल्डर वगळू नये. 'वर्षांच्या फोल्डरमध्ये तेच फोटो पुन्हा येतात, मग ते कशाला' असा विचार करून अनेक जण ते काढून टाकतात, आणि कोणत्याच अल्बममध्ये नसलेले फोटो, म्हणजे बहुतेकांच्या संग्रहाचा मोठा भाग, मागे राहतो.

फाइलींचा प्रकार झिप ठेवावा. आकार जास्तीत जास्त ५० जीबीपर्यंत निवडता येतो, पण इंटरनेट जोडणी मधूनच तुटत असेल तर १० जीबीचे तुकडे घ्यावेत. पुन्हा उतरवण्याची वेळ आली तर नुकसान एका छोट्या तुकड्यापुरतेच राहते. निर्यात तयार झाल्याचे मेलने कळते. त्यानंतर ती साधारण सात दिवसच उपलब्ध राहते आणि प्रत्येक फाइल पाच वेळाच उतरवता येते. त्यामुळे निर्यातीची विनंती सहलीला निघण्याच्या आदल्या दिवशी न करता, पुढचा आठवडा मोकळा असताना करावी.

आता या प्रक्रियेतला सर्वांत गैरसमज होणारा भाग. टेकआउट प्रत्येक फोटोसोबत एक छोटी जेसन फाइल, म्हणजे त्या फोटोची माहिती नोंदवणारी मजकुराची फाइल, देते. आपण हाताने बदललेली तारीख, स्वतः टाकलेले ठिकाण, वर्णन या गोष्टी फोटोच्या आत नसून या जेसन फाइलीत असतात. फोटोच्या फाइलीचे नाव लांब असेल तर जेसनचे नाव मधेच तोडलेले असते, त्यामुळे दोघांची नावे तंतोतंत जुळत नाहीत. फोटो एका झिपमध्ये आणि त्याची जेसन दुसऱ्याच झिपमध्ये, असेही घडते. झिप उघडून 'हा कचरा कशाला' म्हणून जेसन फाइली काढून टाकणे, किंवा एकेक झिप वेगळी आयात करणे, यामुळेच पुढे, ज्यांच्या आत तारीख नाही असे सगळे फोटो एका दिवसाचे होतात.

म्हणून झिप उघडू नयेत, त्यांची नावे बदलू नयेत, आणि त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

तपासणी: मेलमध्ये जितके भाग नमूद आहेत तितक्या फाइली आहेत का, हे मोजावे. प्रत्येक झिपची अखंडता झिपच्याच चाचणीच्या सोयीने तपासावी. अर्धवट उतरलेली फाइल तिथेच पकडली जाते. मग पूर्ण संच एका वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवावी.

## टप्पा ४: इमिच बसवणे

हा टप्पा डॉकर कंपोजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरचे सर्व भाग एकत्र बसवून चालवणाऱ्या साधनाच्या, आधारे तासाभरात उरकतो. अधिकृत दोन फाइली उतरवाव्यात, त्यांतल्या एन्व्ह या सेटिंगच्या फाइलीत फोटोंची आणि डेटाबेसची जागा लिहावी आणि सेवा सुरू करावी. काही निर्णय मात्र आयातीपूर्वीच घ्यावे लागतात, कारण ते नंतर बदलणे त्रासाचे ठरते.

पहिला निर्णय डेटाबेसच्या पासवर्डचा. त्यात फक्त इंग्रजी अक्षरे आणि अंक वापरावेत. चिन्हे टाकल्यास जोडणी अनाकलनीय कारणांनी फसू शकते. हा पासवर्ड डेटाबेस पहिल्यांदा तयार होतानाच बसतो. नंतर एन्व्ह फाइलीत तो बदलला तरी डेटाबेसच्या आतला पासवर्ड बदलत नाही, आणि सेवा चालूच होत नाही.

दुसरा निर्णय फाइलींच्या मांडणीचा. मुळात इमिच फोटो अशा फोल्डरांत ठेवते, ज्यांच्या नावांवरून माणसाला काहीही बोध होत नाही. व्यवस्थापनाच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज टेम्प्लेट' चालू करून वर्ष आणि महिना अशी मांडणी आधीच निवडली, तर उद्या इमिच सोडायचे ठरले तरी डिस्कवर वाचण्याजोगे फोल्डर हाती राहतात. एका बंदिस्त जागेतून बाहेर पडताना दुसऱ्या जागेत अडकायचे नसेल, तर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

तिसरा निर्णय शोधाच्या मॉडेलचा, म्हणजे फोटोत काय आहे ते ओळखून शब्दांवरून तो शोधून देणाऱ्या भागाचा. मूळ मॉडेल इंग्रजी शब्दांसाठी आहे. इतर भाषांतून शोधायचे असेल तर बहुभाषिक मॉडेल आधीच निवडावे, नाहीतर बदलल्यानंतर संपूर्ण संग्रहावरची प्रक्रिया पुन्हा चालवावी लागते.

कुटुंबातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. सगळ्यांचे फोटो एकाच खात्यात ओतले की ते नंतर वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते.

इशारा: डॉकरने उघडलेली पोर्ट, म्हणजे जोडणी आत येण्याची दारे, लिनक्सवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या (जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या) नियमांना वळसा घालून जातात. फायरवॉल चालू आहे म्हणून इमिचचे २२८३ हे पोर्ट बंद असेल, या भ्रमात राहू नये.

## टप्पा ५: आयात

वेब पानावर झिपमधले फोटो ओढून टाकू नयेत. तसे केल्यास जेसनमधली माहिती हरवते. यासाठी इमिच-गो हे स्वतंत्र साधन आहे. ते टेकआउटच्या झिप थेट वाचते, प्रत्येक फोटोची जेसन शोधून जुळवते आणि अल्बम पुन्हा उभे करते. इमिचमधून एपीआय किल्ली (दुसऱ्या साधनाला प्रवेश देणारा सांकेतिक शब्द) तयार करून ती या साधनाला द्यावी आणि सर्व झिप एकाच वेळी द्याव्यात.

पहिली फेरी 'ड्राय रन' पर्यायाने करावी. त्यात काहीही चढवले जात नाही, पण किती फोटोंना जेसन सापडली आणि किती फाइली वगळल्या जातील, याचा अहवाल मिळतो. जेसन न सापडलेल्यांचा आकडा मोठा दिसला, तर एखादी झिप राहून गेली आहे असे समजावे आणि टप्पा ३ कडे परतावे. अहवाल समाधानकारक असेल, तरच खरी आयात सुरू करावी.

फोनवरचे इमिच ॲप आयात पूर्ण होईपर्यंत बसवू नये. एखाद्या फोटोची फोनमधली प्रत आधी सर्व्हरवर पोहोचली, तर आपण गूगल फोटोजमध्ये सुधारलेली तारीख त्या प्रतीला लागेलच, याची खात्री राहत नाही. उलट टेकआउट आधी चढले असेल, तर नंतर फोनकडून आलेली हुबेहूब तीच फाइल इमिच ओळखते आणि दुसऱ्यांदा घेत नाही. 'स्टोरेज सेव्हर'मुळे आकसलेली प्रत आणि फोनमधली मूळ प्रत या मात्र दोन वेगळ्या फाइली ठरतात. त्या इमिचमधल्या दुबार फोटो शोधण्याच्या सोयीतून नंतर हाताने निवडाव्या लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला जवळची वाट नाही.

फाइली चढल्या म्हणजे काम संपले असे नव्हे. लघुप्रतिमा, चेहरे आणि शोध यांची प्रक्रिया मागे चालू राहते आणि जुन्या यंत्रावर तिला काही दिवस लागू शकतात. त्या काळात पंखा जोरात फिरेल, पाने संथ उघडतील. यंत्र बिघडले असे समजून ते मधेच बंद करू नये.

तपासणी: नमुना यादी समोर घ्यावी. आजीच्या लग्नाचा स्कॅन त्या काळातल्या वर्षात दिसतो, की आयातीच्या दिवसाखाली? देवनागरी नावाचा अल्बम तसाच आला आहे का? लांब व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का? मग कालरेषेवर आयातीच्या तारखेला जावे. तिथे फोटोंचा ढीग असेल, तर तारखा जुळलेल्या नाहीत. अशा वेळी एकेक तारीख दुरुस्त करत बसण्यापेक्षा सगळे काढून आयात पुन्हा करणे कमी कष्टाचे असते.

## टप्पा ६: बॅकअप, आणि तो परत आणून पाहणे

हा टप्पा टाळणाऱ्याने स्थलांतरच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपनीविषयी कितीही तक्रारी असल्या तरी तिच्याकडे आपल्या फोटोंच्या एकाहून अधिक प्रती असतात; घरच्या यंत्रावर आपण ठेवू तेवढ्याच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम येथे अक्षरशः पाळावा. रेड, म्हणजे एकच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिण्याची रचना, म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तर ही रचना तारते, पण चुकून पुसलेला फोटो ती तितक्याच तत्परतेने दोन्ही डिस्कांवरून पुसते.

इमिचच्या बाबतीत दोन गोष्टी जपायच्या असतात: फोटोंच्या मूळ फाइली आणि डेटाबेस. अल्बम, चेहऱ्यांची नावे, खाती हे सारे डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस चालू असताना त्याचे फोल्डर जसेच्या तसे नकलून घेतले, तर ती प्रत बहुधा निरुपयोगी ठरते. इमिच रोज रात्री दोन वाजता डेटाबेसचा डंप, म्हणजे एका फाइलीतली पूर्ण प्रत, स्वतःच काढून फोटोंच्या जागेतल्या 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवते, तोच घ्यावा. या डंपमध्ये फोटो नसतात, हे नावावरून लक्षात येत नाही आणि अनेकांची फसगत इथेच होते. लघुप्रतिमा आणि रूपांतरित व्हिडिओ पुन्हा तयार करता येतात, त्यामुळे जागा कमी असेल तर ते वगळले तरी चालते.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी डेटाबेसचा डंप, मग फाइली. उलटे केल्यास डेटाबेसमध्ये अशा फोटोंची नोंद येऊ शकते, जे बॅकअपमध्ये पोहोचलेलेच नाहीत.

घराबाहेरच्या प्रतीसाठी रेस्टिकसारखे मुक्तस्रोत साधन वापरावे. ते सांकेतिक रूपात आणि जुन्या स्थितींसह प्रती ठेवते, त्यामुळे दुसऱ्याच्या डिस्कवर किंवा भाड्याच्या जागेत ठेवलेला संग्रह त्या व्यक्तीला वाचता येत नाही. मात्र त्याचा पासवर्ड गेला की संग्रहही गेला. तो पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलीत असेल, तर सर्व्हर जळाल्यावर बॅकअप हाताशी असूनही उघडता येणार नाही. तो कागदावर लिहून घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवावा.

तपासणी: दुसऱ्या एखाद्या यंत्रावर, निदान व्हर्च्युअल यंत्रावर (एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकावर), बॅकअपमधून इमिच पूर्ण उभे करून पाहावे आणि नमुना यादीतले फोटो उघडावेत.

## टप्पा ७: घराबाहेरून प्रवेश

राउटरवर पोर्ट उघडून इमिच थेट इंटरनेटवर आणण्याचा मोह टाळावा. वायरगार्ड किंवा त्यावर आधारलेले टेलस्केल यांच्या बोगद्यातून, म्हणजे फक्त आपल्याच उपकरणांना जोडणाऱ्या सांकेतिक खासगी वाटेने (व्हीपीएन), प्रवेश करणे हा बहुतेक कुटुंबांसाठी पुरेसा आणि सुरक्षित मार्ग आहे.

वायरगार्ड स्वतः बसवायचे असेल, तर आधी राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहावा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या टप्प्यात असेल, तर सेवा पुरवठादाराने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवले आहेत, आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी बाहेरची जोडणी आत येणार नाही. अशा वेळी टेलस्केल चालते. क्लाउडफ्लेअरच्या मोफत बोगद्याचा पर्यायही सुचवला जातो, पण त्यातून एका वेळी १०० एमबीपर्यंतच फाइल चढते. फोटो व्यवस्थित जातात, व्हिडिओ मात्र पुन्हा पुन्हा अडकतात, आणि दोष इमिचला दिला जातो.

## टप्पा ८: फोन जोडणे आणि दोन्ही सेवा समांतर चालवणे

आता इमिचचे ॲप बसवावे आणि बॅकअपसाठी अल्बम निवडावेत. कॅमेरा आणि व्हॉट्सॲप हे वेगवेगळे अल्बम असतात. दुसरा निवडायचा राहून जातो. अँड्रॉइडवर ॲपला बॅटरी बचतीतून वगळावे, नाहीतर पडदा बंद होताच बॅकअप थांबतो. आयफोनवर पार्श्वभूमीतले काम प्रणालीच्या मर्जीवर चालते, त्यामुळे ॲप अधूनमधून उघडण्याची सवय लावावी.

पुढचे दोन-तीन महिने गूगल फोटोजचा बॅकअप चालूच ठेवावा. या काळात सर्व्हरची निदान एक आवृत्ती बदलून पाहावी. त्यासाठी एन्व्ह फाइलीत आवृत्ती क्रमांक निश्चित लिहावा, आधी बॅकअप घ्यावा, प्रकाशनाच्या टिपा वाचाव्यात आणि मगच क्रमांक वाढवावा. आपोआप अद्ययावत करणारी साधने या कामासाठी वापरू नयेत.

## टप्पा ९: जुने खाते रिकामे करणे

फोनवरच्या गूगल फोटोज ॲपमध्ये फोटो पुसला, की तो क्लाउडमधून आणि फोनमधूनही जातो. म्हणून आधी प्रत्येक फोनवर बॅकअप बंद करावा, मग ॲप 'खात्याविना वापरा' या स्थितीत न्यावे किंवा बंद करावे, आणि त्यानंतरच संगणकावरच्या ब्राउझरमधून फोटो पुसावेत. एका वर्षाचे फोटो पुसून, फोन उघडून, त्या वर्षाचे फोनमधले फोटो जागेवर आहेत का ते पाहावे. मग पुढचे वर्ष. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतात. ती पेटी लगेच रिकामी करण्याची घाई करू नये.

वाढीव साठवणुकीचे शुल्क भरत असाल, तर योजना सर्वांत शेवटी रद्द करावी. मोफत मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात वाटलेली असते. फोटो अजून कचरापेटीत आहेत, वापर १५ जीबीच्या वर आहे आणि योजना संपली, अशा स्थितीत नवे मेल येणे थांबते, आणि ते थांबल्याचे कळवणारा मेलही अर्थात येत नाही. खात्याच्या साठवणुकीच्या पानावर वापर १५ जीबीच्या बराच खाली आलेला दिसला, की मगच योजना रद्द करावी. टेकआउटच्या झिप असलेली कपाटातली डिस्क मात्र पुसू नये.